देखाव्यात आपलं घर कुठंय?

(नांदेडला तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय, थोडी जुळवाजुळव करून.)



मला विषय दिलाय घर, निसर्ग आणि चित्र. ऐकून आधी हसूच आलं. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो. कविता लिहितो, ती पण हजेरी लावून जहाजाची वाट बघत बसावं लागतं तेव्हा. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतला आठवड्याचा एक तास, आणि त्यातही मास्तर बऱ्याचदा गणित घ्यायचे. पण म्हटलं, बोलायचं. ह्या विषयावर आजवर बोलली ती माणसं पक्क्या छताखाली बसून बोलली. एकदा आपण बोलून बघू.

मी औसा तालुक्यातला. माय-बाप मुंबईला गेलेले, मी आजीजवळ, म्हणजे मायच्या मायजवळ वाढलो. सातवीत असताना मास्तर म्हणाले, देखावा काढा. तुम्ही सगळ्यांनी तो काढलाय. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगराच्या बेचक्यातून निघालेली नदी, नदीकाठी कौलारू घर, घराशेजारी नारळाचं झाड. आता लातूर जिल्ह्यातल्या माझ्या गावात नारळ कुठला? पण काढला. समोरच्या पोरानं काढला होता, त्याच्या समोरच्यानं पण काढला होता. मास्तरांनी दहापैकी नऊ मार्क दिले. मी उड्या मारत घरी आलो आणि आजीला वही दाखवली.

आजीनं वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. म्हणाली, "लई झ्याक हाय. पर ह्यात आपलं घर कुठंय रं, लेकरा?"

मी म्हटलं, "हेच की. हे काय."

ती म्हणाली, "हे तर नदीच्या काठाला हाय. नदीकाठची जिमीन आपल्याला कोण देतंय?"

मला राग आला. नऊ मार्कांची किंमत म्हातारीला काय कळणार, असं वाटलं. आज मला वाटतं, चित्रावरची एवढी नेमकी टीका मी नंतर कुठं वाचली नाही. आजचं माझं भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

त्या देखाव्याकडं नीट बघा. नदी घराच्या अंगणातून वाहते. माझी दहावीची परीक्षा झाली त्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला पाणी आलं ते मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून. लातूरच्या पोरांनी खरा देखावा काढायचा तर डोंगराच्या बेचक्यातून मालगाडी यायला पाहिजे होती. घराचं दार बघा. काळा चौकोन. आत कोण राहतं, चूल कुठं आहे, किती माणसं किती जागेत झोपतात, काही नाही. अंगणात माणूस नाही. असलाच तर काठीएवढा, डोक्यावर ओझं घेतलेला, पाठमोरा. घर कुणाचं ते माहीत नाही, जमीन कुणाची ते विचारायचं नाही. म्हणूनच त्याला देखावा म्हणत असावेत.

हा देखावा आला कुठून? आपल्या गावातल्या कुणी तो शोधला नाही. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तिथं इंग्रजी पद्धतीचं चित्र शिकवायला लागले. तिथून शिकलेले ड्रॉइंग मास्तर झाले, त्यांच्याकडून तो झिरपत झिरपत झेडपीच्या शाळेत आला. त्या परंपरेत मोठे निसर्गचित्रकार झाले, त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही. ओल्या रस्त्यावर पडलेला उजेड जलरंगात धरणं खायचं काम नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तो चित्रकार गावाबाहेर एका उंचवट्यावर बसायचा. तिथून गाव छान दिसतं. आपण पण गावाबाहेरच. पण तो संध्याकाळी सामान गुंडाळून जायचा.

आणि हा देखावा जुना झाला असं समजू नका. मुंबईत त्याची सध्या चलती आहे. मी गोदीतून सुटून बाहेर पडतो तर वर होर्डिंग. 'निसर्गाच्या कुशीत आपलं हक्काचं घर.' हिरवळ, झाडं, मागं समुद्र, पुढं हसणारं चौकोनी कुटुंब. त्याच होर्डिंगच्या खांबाला दोरी बांधून कुणीतरी ताडपत्री ताणलेली असते, आणि त्या ताडपत्रीखाली त्या इमारतीवर घमेली वाहणारी बाई भाकरी थापत असते. पावसात तिच्याएवढं निसर्गाच्या कुशीत मुंबईत कुणी नसतं. पण चित्रकाराला ती दिसली नाही. ती फ्रेमच्या खाली आहे.

आता आपल्या गावाचं खरं चित्र काढायला घेऊ. आपल्याकडं गावाचे दोन रंग जुन्या माणसांनीच सांगून ठेवलेत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावगाडा म्हणजे काळी आणि पांढरी. ऐकायला किती सुटसुटीत! पण ह्या दोन रंगांत आपण कुठं? काळी आपल्या नावावर नव्हती. आणि पांढरीच्या बाहेर आपली वस्ती. 'गाव तिथं महारवाडा' अशी म्हण आहे, 'गावात महारवाडा' अशी नाही. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की अस्पृश्यांची वस्ती वेगळी आणि दक्षिणेला, कारण दक्षिण ही अशुभ दिशा. आणि अस्पृश्यानं घरावर कौलं घालणं हाही गुन्हा धरला जायचा. म्हणजे आपल्या घराची दिशा ऊन-वारा बघून ठरलेली नाही. छपराला काय घालायचं ते पाऊसपाणी बघून ठरलेलं नाही. तुराट्यांचा कूड, त्याला शेणमातीचा लेप, वर पाचट. कुणी कवी येऊन म्हणतो, वा, किती साधं, मातीशी किती एकरूप घर! अरे बाबा, ती एकरूपता आमच्यावर लादलेली होती.

आणि गावातलं घर? ते माळवदाचं. इथं बसलेल्या पुष्कळांना माहीत असेल, पण मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड चिखलात बसवलेले. वर लाकडी खांब, तुळया, फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. हे घर मूर्खपणानं बांधलेलं नव्हतं. मराठवाड्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला माळवदाखालचा गारवा कळतो. उन्हाला ते बरोबर उत्तर होतं. पण माळवद गळायला लागलं की पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती टाकायची. पुढच्या साली आणखी. असं करत बाप-आज्याच्या काळापासून मातीचं ओझं वर चढत गेलं. भिंतीला बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मध्ये गोटे-माती भरलेली. दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जितका मोठा वाडा तितकी जाड भिंत. चोराला भ्यायची, उन्हाला भ्यायची सोय होती. जमिनीला कुणी भ्यालं नव्हतं. दख्खनचं पठार हलत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गावं झोपली. ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. ६.२ तीव्रतेचा धक्का. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या हिशेबात हा काही फार मोठा नाही. पण दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भिंतीचे पदर सुटले, चिखलानं दगड धरले नाहीत, आणि वरची पिढ्यान् पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली. उन्हाचं बरोबर उत्तर त्या पहाटेच्या प्रश्नाला चुकीचं ठरलं. जिथं लाकडी खांब उभे राहिले तिथं छत थोडंफार तोललं गेलं. आणि ज्यांच्या डोक्यावर नुसतं पाचट, कूड, पत्रा होता, त्यातले पुष्कळ वाचले. हलकं छप्पर पडलं तरी माणूस खालून निघतो.

माझी आजी अशीच निघाली. माझी माय तेव्हा बारा-तेरा वर्षांची, तीही निघाली. त्या दोघी छपराखालून निघाल्या म्हणून मी आज तुमच्यापुढं उभा आहे.

दोस्तहो, इथं कुणी टाळी वाजवू नका. मला माहीत आहे, मनात येतं. माझ्याही आलं होतं. लहानपणी मी आजीला म्हटलं, "बरं झालं की मग. त्यांचे वाडे पडले, आपलं छप्पर राहिलं." आजीनं मला मारलं. आयुष्यात एकदाच मारलं. मग सांगितलं. उजाडायच्या आत आपल्या वस्तीतली माणसं गावात धावली होती. पहारी नव्हत्या, टिकाव नव्हते. हातांनी दगड उपसले. ज्या घराच्या उंबऱ्याला आजीनं कधी पाय लावला नव्हता, अंगणात लांबून वरून पाणी ओतून घेतलं होतं, त्या घरातून तिनं एक लेकरू काढलं. ते गेलेलं होतं. ती म्हणायची, "उंबरा कुठला कुठं व्हता, काय कळंनाच. समदी मातीच." तिचं ते चित्र कुणीच काढलं नाही. पेपरात फोटो आले ते पडलेल्या गावाचे. ढिगाऱ्यावर वाकलेल्या हातांची जात फोटोत दिसत नाही, ठीक आहे. पण ते हात त्या घरात पहिल्यांदाच शिरत होते, हे कोण सांगणार?

मग काय, छप्परच बरं म्हणायचं? पंधरा वर्षं मागं जा. लांब नाही, याच नांदेड जिल्ह्यात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. त्या दिवसांत काय जळालं? तेच कूड, तेच पाचट, तेच हलकं छप्पर. पेटवायला एक काडी पुरते. दगडाची भिंत, मातीचं माळवद असं पेटत नाही.

आता बघा हा हिशेब. भूकंपात माळवद मारतं, दंगलीत छप्पर जळतं. घराच्या वस्तूची, मटेरियलची म्हणा, चर्चा करणाऱ्यांनी ह्या दोन्ही रात्री शेजारी शेजारी ठेवाव्यात. घर म्हणजे ऊन, वारा, पाऊस यांपासून आडोसा, असं शाळेत शिकवतात. खोटं नाही, पण अर्धं आहे. आपल्याला आडोसा माणसांपासून पण लागतो. चित्रात झाडाखाली झोपडी दिसली की डोळ्यांना गार वाटतं. मला आधी बघावं वाटतं, ही वस्ती गावापासून किती लांब आहे, आणि पळायची वाट कुठून आहे.

भूकंपानंतर बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली. सरळ रेघेचे रस्ते, सिमेंटची घरं, जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, ठिकठिकाणच्या संस्था आल्या. कोऱ्या कागदावर नवं गाव काढायची संधी होती. असा कोरा कागद हजार वर्षांत मिळाला नव्हता. आणि त्या कागदावर काय काढलं? ज्याला जमीन नाही किंवा थोडीच आहे त्याला २५० चौरस फुटांचं घर. मधल्याला ४००. मोठ्या जमीनवाल्याला ७५०. ज्याची काळी मोठी, त्याची पांढरीही मोठी! जमीन हलली, डोंगराएवढी माती खाली आली, दहा हजार माणसं गेली, पण सातबारा हलला नाही. माझ्या आजीला २५० चौरस फूट मिळाले. मिळाले त्याबद्दल ती सरकारला दुवा द्यायची. डोक्यावर पहिल्यांदा पक्कं छत आलं होतं. तिची कृतज्ञता खरी होती, आणि माझा राग पण खरा आहे. दोन्ही एकाच घरात राहतात.

ज्यांना चित्रं काढायचीत, त्यांना मी आता एक जागा दाखवतो. आपल्याच मराठवाड्यातली. अजिंठा.

अजिंठ्याला आपण जातो ते बुद्धापुढं हात जोडायला. जरा भिंतीला नाक लावल्यासारखं जवळ जाऊन बघा. वाघोरा नदीच्या वळणावर डोंगर पोखरून केलेली घरंच आहेत ती. भिक्खूंनी वर्षभर हिंडायचं आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहायचं, तो वर्षावास. म्हणजे पावसाचा आडोसा, तिथून सुरुवात. आणि ती चित्रं कशावर आहेत? मातीच्या गिलाव्यावर. मातीत भाताचं तूस, झाडपाल्याचे धागे मिसळून भिंतीला लेप दिलाय, वर चुन्याचा पातळ हात. रंगही बहुतेक दगडमातीचेच, गेरू, पिवळी माती, हिरवी माती. निळा तेवढा लांबून आणलेला. आता सांगा, हे माझ्या आजीचं काम नाही तर काय आहे? सणाच्या आधी ती पांढऱ्या मातीनं भिंत पोतारायची, खाली गेरूचा पट्टा ओढायची, भुई सारवायची. जगातले लोक जे बघायला विमानानं येतात, त्याची पहिली अर्धी कृती आपल्या घराघरांतल्या बायांच्या हातात आहे. ठाणे-पालघरकडच्या वारली बायांनी तर कुडावर गेरू-शेण सारवून तांदळाच्या पिठानं झाडं, माणसं, जनावरं घरावरच काढली. तेच पुढं जिव्या सोमा मशेंनी कागदावर नेलं आणि २०११ साली पद्मश्री मिळवली.

अजिंठ्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सतरा नंबरच्या लेण्यात वेस्संतर जातक आहे. राजपुत्र सगळं देऊन टाकतो, नगर सोडून जंगलात जातो, पानांच्या झोपडीत राहतो. ते चित्र बघताना लक्षात घ्या, चित्रकारानं घराची पुढची भिंत काढून टाकलीय. खांब आहेत, छत आहे, आणि आत माणसं. कोण रडतंय, कोण पाणी आणतंय, कोण दाराशी उभं आहे, सगळं उघडं. आणि डोंगर काढलेत ते ठोकळ्या-ठोकळ्यांचे, जणू रचलेले. घर आणि डोंगर एकाच हातानं बांधल्यासारखे. तिथंही राजवाडेच जास्त आहेत, मी डोळे झाकून आरती करत नाही. पण दार काळं नाही. आमच्या मास्तरांचा देखावा दार बंद करतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या बिननावाच्या कामगारानं भिंतच पाडली.

आपल्या काळातही कुणी पाडली नाही असं नाही. सुधीर पटवर्धनांनी २००१ साली 'लोअर परेल' काढलं. त्यात गिरणगाव, पूल, उठणारे टॉवर आणि त्यात चालणारी माणसं एकाच कॅनव्हासवर दाटीनं उभी आहेत. निसर्ग नाही म्हणाल, तर ज्यांच्यासाठी उरलाच नाही त्यांचं ते चित्र आहे. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं बांधलेला माणूस चित्रात आणला. आता मराठवाड्याच्या वस्तीतलं घर आणायचं राहिलंय. ते तुम्ही आणा.

तुम्ही चौदा एप्रिलला भिंती रंगवता, बोर्ड लिहिता, निळ्या रंगाचे डबे घेऊन रात्र-रात्र जागता. हात तयार आहेत. माझी एवढीच विनंती आहे की घर काढाल तेव्हा उंचवट्यावर जाऊन बसू नका. आत बसून काढा. दारातून बाहेर जेवढं झाड दिसतं तेवढंच झाड काढा. पाणी कुठून येतं ते काढा, हापशी असेल तर हापशी, टँकर असेल तर टँकर. घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे ते चित्रात कळू द्या. कसं कळवायचं ते तुम्ही बघा, मी चित्रकार नाही. आणि कुणी म्हणालं की यात सौंदर्य नाही, तर त्याला माझ्या आजीनं पोतारलेल्या भिंतीपुढं उभं करा. तिच्या बोटांच्या अर्धगोल खुणा सकाळच्या तिरप्या उन्हात कशा दिसतात ते त्यानं बघावं आणि मग बोलावं.

शेवटचं सांगतो आणि बसतो. आजीचं ते २५० फुटांचं सिमेंटचं घर अजून आहे. आजी आता नाही. ती त्या घरात राहिली, पण झोपली क्वचितच. आत ज्वारीची कणगी, पेटी, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि रात्री शेळी. स्वतः ती दारापुढं लिंबाला टेकवून घातलेल्या पत्र्याच्या पडवीत झोपायची. थंडीत पण, पावसात पण. आम्ही हसायचो. सरकारनं पक्कं घर दिलं आणि म्हातारी शेळीला छताखाली घालून स्वतः बाहेर! एकदा मी विचारलं, "भूकंपाचं भ्या वाटतं का अजून?"

म्हणाली, "भ्या न्हाई रं. हितून वर बघितलं की लिंब हालतोय का ते दिसतंय. आन् वाटंकडं बघितलं की कोण येतंय ते दिसतंय."

वर लिंब आणि समोर वाट. एक डोळा जमिनीच्या हालचालीवर, एक डोळा माणसांच्या. सातवीत मी ज्या चित्राला नऊ मार्क घेतले त्यात तिनं आपलं घर शोधलं होतं. मी आता ते परत काढायला घेतलंय, शब्दांत, कारण मला तेवढंच येतं. डोंगर काढले नाहीत, नारळ खोडला. पडवी काढलीय, लिंब काढलाय, दार उघडं ठेवलंय. मार्क कुणी देऊ नका. कुणीतरी त्यात रंग भरा.

जय भीम.